किटलीपेक्षा जड नाही

गोहंग, १२ नोव्हेंबर

चि. सुनिम हिला थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्रच बरं. ऑपरेशनचा हात ठीक आहे. तीन वर्षं उजव्या कोपराचं हाड सडून गेलं होतं, हात नुसता लोंबत होता. आता आत धातूचा सांधा आहे. त्याच्या लांब दांड्या वरच्या-खालच्या हाडात बसवल्यात. हाड कमी पडलं तिथे कुणा मेलेल्या माणसानं दान केलेलं हाड लावलंय. बाई होती की बुवा, डॉक्टर सांगत नाहीत. तुझ्या भावजींच्या श्राद्धाला मी भाताचा एक वाडगा त्या माणसाच्या नावानंही ठेवला. घरात सोबत म्हणावी तर तेवढीच.

मुख्य बातमी अशी, की उजवा हात तोंडापर्यंत पोचतो! परवा समुद्री शेवाळाचं सूप माझ्या हातानं प्यायले आणि खुळ्यासारखी रडले. पण या हातानं जन्मभर भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. दांडी सैल झाली तर दुसऱ्यांदा बसवायला हाडच उरलेलं नाही. गावात हे कुणाला बोलले नाही.

कोबी मिठा-तिखटात मुरवून थंडीची किमची घालायचे दिवस आले. शेजारच्या फिलदानकडे आपण राबायचं, मग तिनं आपल्याकडे, ही सावड मी नवी नवरी होते तेव्हापासूनची. हात लोंबत होता तोवर आजारी म्हणून सगळ्यांनी निभावून नेलं. आता बरी झाले म्हटल्यावर फेडायला नको? आणि फेडू कशानं? म्हणून यंदा कुणाकडे जाणार नाही, कुणाला बोलावणार नाही. माझी कोबी मीच घालीन. तुझा किमचीचा डबा पाठवीनच.

नातवाला गालगुच्चा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ओकबुनताई

---

इंचन, १९ नोव्हेंबर

ती. ओकबुनताईस, सुनिमचा सा. न. वि. वि.

डबा गेला खड्ड्यात! तुझा मान मोठा की कोपर मोठं? मिठातल्या कोबीवर ठेवायचा तो दगड काय किटलीएवढा आहे? दांडी निखळली तर चमच्यानं सूप कोण पाजणार, त्या हाडाचा मालक?

इकडे ये म्हणते तर येत नाहीस. मी येईन म्हणते तर गुडघे जिना उतरू देत नाहीत. नातवाला गालगुच्चा दे म्हणतेस, पण मुलगा-सून त्याला घेऊन उन्हाळ्यातच परदेशी गेले. तुला काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं. मी दुकानातली किमची आणते, आवाज बंद करून टीव्ही लावते आणि जेवते. आवाज लावून तरी काय ऐकू येणार आहे!

फिलदानला सगळं सांग. तू सांगणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिला आजच मी लिहिते आहे. रागाव हवं तर.

पत्राचा राग पत्रातच फेड, मनात ठेवू नकोस.

तुझी हट्टी,
सुनिम

---

गोहंग, २७ नोव्हेंबर

श्रीमती सुनिमबाईंना फिलदानचा स. न. वि. वि.

बरं केलंत लिहिलंत. तुमच्या ताई यंदा आमच्याकडे फिरकल्या नाहीत, तर आम्हाला वाटलं शहरातून महागाचा हात बसवून आल्या, आता तिखटात कशाला घालतील! पाणवठ्यावर आम्ही त्यांना राणीसाहेब म्हणत होतो. जीभ झडो आमची.

पत्र वाचलं तशी धावत गेले. ताई अंगणात एकट्या. कोबी एकेक करून डाव्या हातानं मिठाच्या पाण्यात सोडलेली, आणि दोन्ही हात दगडाला घातलेले. मी अशी किंचाळले की कुत्रं कुंपणापलीकडे गेलं. दगड जागचा हलला नव्हता, देवाची कृपा.

मग आळीतल्या आम्ही बायका त्यांची कोबी घालायला बसलो. पण ताई चुलीपाशी जाऊन दार लावून बसल्या. फेडता येत नाही ते घेणार नाही, एवढंच आतून म्हणत राहिल्या. शेवटी मी दाराबाहेरून ओरडले, की तुमचा हात गेल्यापासून आळीत कुणाची किमची धड खारट झालेली नाही. मीठ चाखायला जीभ लागते, कोपर लागत नाही. निघा बाहेर आणि सावड फेडा! तेव्हा कडी निघाली.

आमच्यावरही थोडी माया ठेवा.

आपली,
फिलदान

---

गोहंग, ९ डिसेंबर

चि. सुनिम हिला आशीर्वाद. वि. वि.

चोंबडेपणाबद्दल तुझ्यावर रागावणार होते, राहून गेलं. घरोघर मला उंच पाटावर बसवून चाखायला लावलं. मीही कुणाची गय केली नाही.

किमची झाली की पहिलं पान गुंडाळून दुसरीच्या तोंडात भरवायचं, आठवतं ना? आई आपल्याला भरवायची. तीन वर्षं मला सगळ्यांनी भरवलं, मला कुणाला भरवता येत नव्हतं, आणि डाव्या हातानं भरवणं बरं दिसत नाही. यंदा फिलदानच्या तोंडात मी उजव्या हातानं पान कोंबलं. तिला बोलताच येईना; आळीला तेवढीच विश्रांती.

आता सगळ्यांची किमची घालून झाली आणि अंगण पुन्हा गप्प आहे. संध्याकाळी घर खायला उठतं. तू टीव्हीचा आवाज बंद करून जेवतेस, ते वाचल्यापासून मला घास गिळवत नाही. नातू गेल्याचं तू मला सांगितलं नाहीस आणि हाताचं मी गावाला सांगितलं नाही. एकाच आईच्या लेकी आपण.

डबा पाठवत नाही. पाठवला तर तुझ्या तोंडात पहिलं पान कोण घालील? फिलदानचा नवरा नववर्षाआधी मला गाडीनं तुझ्या दारात आणून सोडणार आहे, किमचीचं मडकंही तोच जिना चढवेल. मी फक्त हात घेऊन येते. तेवढ्यापुरता तो पोचतो.

दार वाजलेलं तुला ऐकू येणार नाही, म्हणून उघडंच ठेव.

तुझी,
ओकबुनताई