माशी सरळ करू नये

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा तळ्याकाठच्या बागेत बंदुकीने फुगे फोडण्याचा स्टॉल, आता बंद, राहणार याच घरात, आज हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात, कोणीही हात न धरता लिहून ठेवीत आहे. शुद्धीचे मुद्दाम लिहितो. सत्तरी उलटलेल्या माणसाने नवी कोरी छऱ्याची बंदूक घरी आणली की लोक एकमेकांना कपाळाशी बोट फिरवून दाखवतात. मला वेड लागलेले नाही. लागले असते तर बरे झाले असते, निदान झोप लागली असती. समोरच्या वहिनींनी तर जिन्यात गाठून विचारले, "भाऊजी, काही बरंवाईट करायचा विचार नाही ना?" नाही, वहिनी. मला मरायची परवानगीच नाही, हीच तर अडचण आहे. आणि डॉक्टर म्हणतात हृदय थकले आहे, ते परवानगीची वाट बघणार नाही. म्हणून हे लिहिणे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

माझी पत्नी हयात आहे. स्टॉल विकला त्याच महिन्यात तिला झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. मधल्या खोलीत पलंगावर ती पडून असते. डोळे उघडे असतात, पण ते कोणाकडे बघतात हे सांगता येत नाही. मला ओळखते का, हे मला माहीत नाही. हे वाक्य मी आजवर कोणापुढे बोललेलो नाही.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि लांब पॅसेज, एवढी माझी स्वकष्टार्जित मिळकत. माझ्या पश्चात पत्नीला तहहयात याच घरात, याच खोलीत, याच पलंगावर राहण्याचा हक्क आहे. पलंगाचे तोंड पॅसेजकडे आहे, ते तसेच राहावे. तिच्यानंतर घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. परंतु थोरल्याने तिला कुठल्याही संस्थेत हलवले, तर त्याचा हिस्सा त्याच दिवशी धाकटीकडे जाईल. त्याने फोनवर मला अशाच एका शुश्रूषा संस्थेची बाग, टीव्ही आणि स्वच्छ बाथरूम यांचे वर्णन ऐकवले. मुलगा वाईट नाही. लांब राहतो, आणि लांबून सगळे सोपे दिसते.

कलम दुसरे. हिचे शिवणयंत्र आणि कपड्यांचे कपाट दिवसा येणाऱ्या आयाबाईंना द्यावे. त्या हिचे अंग पुसताना तिच्याशी बोलत असतात, उत्तर नसले तरी. मला ते जमत नाही. आयाबाईंची सही साक्षीदार म्हणून घेतलेली नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, एवढा कायदा मलाही कळतो.

कलम तिसरे. शेजारच्या स्टॉलचा रिंगवाला, ज्याने मधला माणूस घालून माझी जागा आणि जुन्या बंदुका पाडून मागितलेल्या किमतीला घेतल्या, त्यास माझे तीन पायांवर उभे राहणारे स्टूल देण्यात यावे. चौथा पाय होता, तो त्याच्याच माणसांनी मोडला. हा गृहस्थ भर गर्दीत भोंग्यावरून ओरडायचा, "तिकडच्या बंदुका वाकड्या आहेत हो!" आणि स्वतःच्या रिंगा बाटलीच्या तोंडावर जेमतेम बसतील अशा कापून आणायचा. आपले ठेवावे झाकून आणि दुसऱ्याचे पाहावे वाकून. त्याने स्टुलावर बसून विचार करावा, पण सांभाळून.

बंदुका वाकड्या होत्या, हे खरे. सगळ्या बागेत, सगळ्या स्टॉलवर वाकड्याच असतात. नळीच्या टोकाशी नेम धरायला बारीक दाणा असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. ती लाकडी हातोड्याने जराशी डावीकडे ठोकली की छर्रा उजवीकडे जातो, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या नेमाला शिव्या देत पुन्हा पैसे काढते. एखादा चिडून म्हणायचा, "मालक, तुम्ही मारून दाखवा." मग मी त्याच्याच हातातली बंदूक घ्यायचो. कुठली बंदूक किती बहकते हे मला कधीच आठवायचे नाही. ते हिला पाठ असायचे. फळीच्या टोकाशी ती फुगे फुगवत उभी असायची, आणि गालात हवा असतानाच फळीवर तिच्या डाव्या हाताचे बोट डावीकडे सरकायचे. थोडे सरकले तर थोडे, जास्त सरकले तर जास्त. मी तेवढे डावीकडे धरायचो आणि फुगा फुटायचा. लोक टाळ्या वाजवायचे, आणि ही मान खाली घालून पुढचा फुगा घ्यायची. आमचा संसार असा चालला. ती बोट दाखवायची, मी नेम धरायचो आणि शाबासकी मला मिळायची.

तिला एकच हौस होती. "एकदा सरळ बंदूक घेऊ या आपण," म्हणायची. "कोणाला फसवायला नाही. आपल्या दोघांसाठी." स्टॉल विकल्यावर ती आम्ही मिळून पसंत केली आणि दुकानात नोंदवून ठेवली. बंदूक घरी आली तेव्हा ही नुकतीच हॉस्पिटलातून आली होती. एक बंदूक आणि एक ही, दोन्ही खोकी एकाच दारातून आत आली, असे माझ्या मनात आले, आणि त्या विचाराची मला अजून शरम वाटते.

कलम चौथे, तीच बंदूक. ही धाकटीला द्यावी. तिला वापराच्या सूचना देतो. ती स्टॉलवरच वाढली आहे, पण ही जात वेगळी आहे.

नळी बिजागरीपाशी मोडून खाली ओढली की आत स्प्रिंग दाबली जाते. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी, सुटली तर बोटे जातील. छर्रा न घालता कधीही चाप ओढू नये. आतला दट्ट्या नुसता आपटतो आणि बंदूक आतून फुटते. दाबून ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये, स्प्रिंग मरते. नवी होती तेव्हा धूर सोडायची आणि जळक्या तेलाचा वास मारायची. मी घाबरलो, दुकानदार म्हणाला, "काका, ती अजून लाजतेय, दोन डब्या छर्रे जाऊ द्या." तसेच झाले. ही बंदूक मागेही झटका देते आणि लगेच पुढेही. आवळून धरली तर छर्रे कुठेही जातात. पुढचा हात नुसता खाली ठेवायचा, धरायचा नाही, तिचे तिला हलू द्यायचे. सुरुवातीला मी रागाने आवळत होतो. तेव्हा मला प्रत्येक गोष्टीचा राग येत होता, भिंतीचासुद्धा.

फुगा पॅसेजच्या शेवटी, गादी ठोकलेल्या फळीवर लावतो. दाराला आतून कडी. मी हिच्या पलंगाच्या उशाशी उभा राहतो, म्हणजे नेम तिच्या पायांवरून पुढे जातो आणि तिचा डावा हात मला दिसतो.

पहिल्या दिवशी सवयीने डावीकडे धरले आणि छर्रा फुग्याच्या डावीकडे लागला. बंदूक खरोखरच सरळ होती. मी दुसरा छर्रा घातला, आता नीट मधोमध धरायचे ठरवले, आणि चादरीवर हिचे बोट डावीकडे सरकले. झटका आल्यापासून तिने हलवलेली ती पहिली गोष्ट. मी बंदूक खाली ठेवून तिच्या छातीवर डोके टेकून रडलो. मग पुन्हा उभा राहिलो. ती दाखवते तिकडे धरले. अर्थातच चुकला. पुन्हा धरले, पुन्हा चुकला.

तिला ही जुनीच बंदूक वाटत होती. तिला कसे सांगणार की ही ती नव्हे, ही तुझ्या हौसेची? कानाशी ओरडून सांगितले. बोट डावीकडेच गेले. एकदा तिचे न ऐकता मधोमध मारला. फुगा फुटला, आणि तिचे बोट जागच्या जागी निपचित पडले. नंतर बरेच दिवस हलले नाही.

डॉक्टरांना सांगितले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "बंदुकीच्या आवाजाने स्नायू ओढला जातो, बाकी काही नाही. त्यात अर्थ शोधू नका, त्रास तुम्हालाच होईल." थोरल्याला सांगितले, तो म्हणाला, "बाबा, टाचणी लावा ना फुग्याला, आवाज तोच." टाचणीही लावून पाहिली. तिने डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही.

मग मी जुना लाकडी हातोडा काढला. जन्मात एकदा घेतलेल्या सरळ बंदुकीची माशी मी स्वतःच्या हाताने डावीकडे ठोकली. थोडी ठोकायची, मारून बघायचे, पुन्हा थोडी. गिऱ्हाइकासाठी हे काम चुटकीसरशी व्हायचे, या वेळी अख्खी सकाळ गेली. शेवटी तिचे बोट सरकले, मी तेवढेच डावीकडे धरले आणि फुगा फुटला. तिच्या ओठाची डावी कड हलली. डॉक्टर त्यालाही स्नायूच म्हणतील. म्हणोत. तेव्हापासून रोज सकाळी, अंग पुसून झाले की, एक फुगा. तिला चुकीची ठरवण्यापेक्षा बंदूक वाकडी करणे मला सोपे गेले.

धाकटे, आता तुझ्याशी सरळ बोलतो, कायद्याची भाषा पुरे झाली. तू आलीस तेव्हा आईच्या हाताकडे न बघता मधोमध मारलास आणि छर्रा उजवीकडे गेला. तू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस, तुझ्या लगेच लक्षात आले. "बाबा, नवी बंदूक आणि माशी वाकडी? फसवलं तुम्हाला दुकानदारानं. द्या, परत करून येते." मी त्या बिचाऱ्या दुकानदाराला चोर ठरू दिले आणि बंदूक तुझ्या हातातून काढून घेतली. खरे सांगितले असते तर तू म्हणाली असतीस, "बाबा, तुम्ही स्वतःलाच फसवताय." कदाचित ते बोट कोणालाच काही दाखवत नसेल. कदाचित या घरात मी कधीचाच एकटा आहे. सकाळी फुगा फुटतो तेवढा क्षण सोडला तर मला तसेच वाटते.

तरी माझी अट ही आहे. आई आहे तोवर माशी सरळ करू नये, कोणा कारागिराला हात लावू देऊ नये. कामावर जाण्याआधी रोज इथे यावे. येणार नाहीस, हे मला दिसते आहे. तुझे दुकान आहे, मुले आहेत, पुलापलीकडे घर आहे. अट मोडलीस तरी तुझा हिस्सा जाणार नाही. ज्या दिवशी येशील त्या दिवशी उशाशी उभी राहा, माझ्या जागेवर. आधी तिच्या बोटाकडे बघ, मग मार. बोट हललेच नाही तर माशी जेवढी वाकडी आहे त्या अंदाजाने तूच थोडे डावीकडे धर, पण फुगा फुटला पाहिजे.

ती गेल्यावर माशी सरळ कर आणि बंदूक कोणालाही देऊन टाक. तोवर एक सांभाळ. मी गेलो हे तिला सांगू नकोस, तिच्यासमोर कोणाला रडू देऊ नकोस. तिथे उभी असताना तोंडाने एक शब्द काढू नकोस. स्प्रिंगचा आवाज झाला आणि फुगा फुटला, की तिला वाटेल मीच आहे.

ठिकाण: राहते घर, मधली खोली, पलंगाजवळ
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळ, फुगा झाल्यावर

लिहून ठेवणार: (सही) स्टॉलवाला

वरील सही आमच्यासमोर झाली. लिहून ठेवणार बोलण्यात स्पष्ट आणि पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार:
१. (सही) घरी येणारे डॉक्टर
२. (सही) वरच्या मजल्यावरचे टायपिंगचे मास्तर