ताईने पाठवलेले: उघडू नये

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (यातली गुडघ्यांची दोन अंगं तूर्त वजा धर. कारण पुढे येईल.)

तुझा खोकला कसा आहे? गोळ्या घेतेस ना, की अजूनही डबीकडे नुसतं बघून बरं वाटतं? इकडे आम्ही ठीक आहोत. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. सव्वीस दिवस तू काहीच विचारलेलं नाहीस. फोन उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून चालती झालीस, म्हणून टपालाचं पाकीट शोधत या वयात मला चार दुकानं हिंडावी लागली. (तीन ठिकाणी मिळालं नाही, चौथ्याने ते कशाला हवं म्हणून चौकशी केली.) तेव्हा आधीच स्पष्ट सांगतो, मी माफी मागणार नाही. त्रिवार नाही. का नाही, ते नीट बसून वाच.

सगळ्याची सुरुवात तुझ्याच लेकीने केली. दोन वर्षांपूर्वी तिने माझा मोबाइल हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. नंतर वाचू म्हणून उघडलेली एकशे चाळीस पानं त्यात तशीच उघडी होती. (बंद केलं की हरवतं, अशी माझी समजूत होती आणि ती फारशी चुकीची नव्हती.) तिने मला वाचनखुणा साठवायची एक वेबसाइट लावून दिली. एखादं पान आवडलं की बटण दाबायचं, त्याचा पत्ता तिथे जमा, सोबत कुणी ओळ लिहिली असेल तर तीही. मग हवे तेवढे कप्पे करा, कप्प्यांना नावं द्या, पाहिजे तर चारचौघांना दाखवा. ताई, मी चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. माझ्या दुकानात साठ डबे आहेत आणि साठांवर चिठ्ठ्या आहेत. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. जुन्या मशीनच्या माहितीपुस्तकांचा कप्पा केला. ‘शेजारी म्हणतो ते खरं का’ असा एक केला. ‘मेहुण्याचे सल्ले: करून पाहू नयेत’ असा एक केला. आणि तू रोज सकाळी दात घासायच्या आत तीन-तीन लिंका पाठवायचीस, त्यांचा एक केला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांच्या तारा जोडल्यास, निवृत्त झाल्यावर माझ्या मागे लागलीस. त्या कप्प्याचं नाव मी काय ठेवलं, ते आता सगळ्या खानदानाला माहीत आहे.

ते कसं माहीत झालं, तेही ऐक. आपल्या इंजिनियर पुतण्याने ग्रुपवर लिहिलं की काकांच्या काळातल्या मशीनची माहिती आता कुठेच मिळत नाही. माझं डोकं सटकलं. म्हटलं, थांब लेका, दाखवतो. माहितीपुस्तकांचा कप्पा उघडला, ‘सर्वांना दाखवा’ दाबलं आणि पत्ता ग्रुपवर टाकला. त्या बटणाने एक कप्पा दाखवायच्या ऐवजी अख्खं कपाटच चौकात नेऊन मांडलं. (एकाच खोलीत एकसारखी दोन बटणं बसवणाऱ्याला मी दुकानात एक दिवस ठेवलं नसतं.) चहा होईपर्यंत एकतीस नातेवाईक आत फिरून आले होते. मेहुणा पोट धरधरून हसला. शेजाऱ्याच्याही कानावर गेलं, तो आता मला प्रत्येक वाक्यानंतर ‘खरं आहे हो’ म्हणतो. रागावलीस ती एकटी तू.

आता त्या नावाबद्दल. माझ्या दुकानात ‘उघडू नये’ ही चिठ्ठी कुठल्या डब्यावर असते, ठाऊक आहे? स्प्रिंगांच्या. सगळ्यात नाजूक, सगळ्यात मोलाचा माल. झाकण काढलं की उडून जातो आणि मग कपाटाखाली बॅटरी घेऊन शोधत बसावं लागतं. म्हणजे तुझ्या लिंकांना मी दुकानातला सर्वोच्च मान दिला होता. आणि पाठवत काय होतीस, तेही आठव. जिभेच्या रंगावरून आजार ओळखा. घरातल्या दहा घातक वस्तू (त्यातल्या नऊ आमच्याकडे आहेत, दहावी तू वाढदिवसाला दिलीस). शांत झोपेचे सोळा नियम, जे वाचून तुझ्या भावजयीची झोप उडाली. एकूण दोन हजार एकशे चार. त्यातली एकही मी फेकलेली नाही. तुझी लेक तर तुझ्या लिंका न बघता पुसते. (हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.) तिच्याशी बोलतेस आणि माझ्याशी अबोला! हा कुठला न्याय?

राहता राहिला गुडघा. गेल्या मंगळवारी पायमशीनखालून उठताना तो असा काही वाजला की समोरचं गिऱ्हाईक मशीनच मोडली समजलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी एका पानाचा पत्ता दिला, त्यात चित्रं आहेत, रोज करा म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर ऐटीत बटण दाबलं. वेबसाइटने उत्तर दिलं की ही लिंक तुमच्याकडे आधीच आहे, दोन वर्षांपासून, कप्पा ‘ताईने पाठवलेले: उघडू नये’. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. खाली तू लिंकेबरोबर पाठवलेली ओळ होती, तीही वाचली. ‘जिना चढताना तुझा गुडघा वाजतो, तुला ऐकू येत नाही, मला येतो.’

“ताई कोण?” त्यांनी विचारलं.

“थोरली बहीण.”

“त्यांचं ऐकलं असतंत तर इथे यावं लागलं नसतं,” त्या म्हणाल्या आणि पाय वर उचला म्हणाल्या.

मी पाय उचलला, पण हार मानली नाही. हवी ती लिंक क्षणात सापडली, म्हणजे माझी व्यवस्था चोख आहे, हेच यातून सिद्ध होतं. तेव्हा माफीचा विषय इथेच संपला. भावजींना नमस्कार सांग, आणि त्यांना म्हणावं की मध्ये पडू नका.

तुझा,
एक इंचही मागे न हटणारा धाकटा भाऊ

ता. क. स्प्रिंगांच्या डब्याचं खरं आहे, पण नाव देताना तो माझ्या डोक्यात नव्हता. त्या दिवशी सकाळी सात लिंका आल्या होत्या आणि मी वैतागलो होतो. हे तुझ्याजवळच ठेव.

ता. क. कप्प्याचं नाव बदललं आहे. तू ग्रुपमध्ये नाहीस, म्हणून तुला दिसणार नाही. आता तिथे नुसतं ‘ताई’ लिहिलं आहे. सव्वीस दिवस आकडा दोन हजार एकशे चारवर अडकला आहे. मी रोज सकाळी दात घासायच्या आत बघतो.

ता. क. काल पहिल्यापासून वाचायला घेतलं. तू पाठवलेली सगळ्यात पहिली लिंक उघडली, तर हे पान आता अस्तित्वात नाही, असं आलं. पत्ता जपला मी, पण पानच राहिलं नाही. त्यात काय होतं गं? खाली तुझी ओळ मात्र शाबूत आहे. ‘हे वाच आणि मला फोन कर.’ वाचायचं तर हुकलं. उरलेलं काम रविवारी सकाळी दहा वाजता करतो आहे. उचल.