किसनराव स्टुलावर बसले तेव्हा

अमरावती,
१२ डिसेंबर १९६३

ती. दादास,
सुभद्राचा नमस्कार. आईला सांग, शाल पोचली. वहिनीला आता भूक लागते का?

तुझं पत्र वाचलं. वरूडच्या किसनरावांची लेखी माफी माग, नाहीतर सामान बांधून अकोल्याला ये, म्हणतोस. माफी काहून मागू? मुलगी बघायला माणूस घरी येतो. हे न कळवता थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले, संत्र्यांची टोपली घेऊन!

माझ्या हातात खाली तोटी, वर बूच असलेलं काचेचं नरसाळं होतं. वहिनीचा ताप ज्या पिवळ्या कॅप्सूलने उतरला, ते टेट्रासायक्लिन मी पाण्यातून वेगळं काढत होते. कारखान्यात ते पाण्यातच तयार होतं, मग बाहेर काढावं लागतं. पाण्यात साबणाच्या जातीचा एक पदार्थ घालायचा, वर पाण्यात न मिसळणारा द्रव ओतायचा. साबण औषधाला धरून वरच्या थरात नेतो. पण जोरात हलवलं की सगळा फेस, थर पडतच नाहीत. दिवाळीपासून माझा नुसता फेसच होत होता. सर म्हणाले, सोड, साबणाने होत नसतं. त्या दिवशी मी नरसाळं फक्त हळूहळू उलटंसुलटं केलं. आणि दादा, खालचं पाणी नितळ होत गेलं, पिवळा रंग वर चढला! मी एकटीच हसत उभी होते.

नेमके तेव्हा किसनराव दारात. "पोरी, ठेव ते. बाहेर ये, जरा चालून दाखव."

"आता नाही जमत, काका. बसा तिथे स्टुलावर."

बसले बिचारे. मी थेंबथेंब पाणी काढत राहिले. शेवटी उठले. "आमाले सून पायजे, कंपाउंडर नाही!" टोपलीही उचलून नेली, एक संत्रं ठेवलं नाही.

पोरीला काम अर्धवट सोडता येत नव्हतं, असं तू बाबांना समजावलंस म्हणे. उपकार झाले, पण ते खरं नाही. तोटी बंद करायला दोन बोटं पुरतात. थर संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते, काही बिघडलं नसतं. मला जायचंच नव्हतं. चालून दाखवायला तर मुळीच नाही.

तेव्हा माफीचं पत्र जाणार नाही, सामानही बांधणार नाही. मेसचा खर्च बंद करतोस तर कर. जानेवारीपासून इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला होकार दिलाय. काल सरांसमोर सगळं पुन्हा करून दाखवलं. सरांनी कपाटातून त्या साबणाची नवीन बाटली काढून दिली.

भांडायला आलास तरी ये. स्टूल आहे.

तू बोलणं टाकलंस तरी तुझीच धाकटी,
सुभद्रा