ह्यूस्टन ते लालबाग, सव्वीस तास

१० डिसेंबर
लवूचा फोन, ह्यूस्टनहून. बोटीवरची ड्यूटी संपली, परवा विमानात बसतो म्हणाला. पोटचा पोरगा सात महिन्यांनी घरी येतोय आणि मला धास्ती! सून दर्शना भाकऱ्या थापत होती, ती थांबलीच. मागच्या खेपेला त्याने दाराच्या फटीत घालून तिची दोन बोटं मोडली. डॉक्टरला सांगितलं, पडली. कोणी सांगितलं? मी.

११ डिसेंबर
नूपुरने, माझ्या नातीने, मोबाइलवर बघून सांगितलं — चौदा हजार किलोमीटर, दोहाला थांबून सव्वीस तास.
दर्शना हळूच म्हणाली, "म्हणजे सव्वीस तास तो इथे पोचू शकत नाही."
मला कळलं. ओरडले तिच्यावर, घर मोडायला निघालीस? ती भांडी घासायला बसली. तिच्या जागी मी असते तर भांडं फेकून मारलं असतं. म्हणे मी असते तर! वीस वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला, साधी वाटी फेकली नाही.

१३ डिसेंबर
सकाळी सहाला मेसेज — बसलो.
लवू विमानात असला की मी देव पाण्यात ठेवते. तो उंबरा ओलांडून आत आला की त्याच्यासमोरच बाहेर काढते. आजही परात भरली. दर्शना वाकड्या बोटांनी नूपुरची वेणी घालत होती. मला बघवेना. देव राहिले देव्हाऱ्यातच. म्हटलं, "ऊठ गो. बॅग भर."
दोघी शीवला गेल्या, संघमित्राकडे. दर्शनाच्या ऑफिसातली मैत्रीण ती.
रात्री दोहाहून फोन. "दर्शना खंय?"
"निजली," म्हटलं.

१४ डिसेंबर
सकाळी साडेनऊला आला. बूट न काढता आधी देव्हाऱ्याकडे बघितलं. देव कोरडे, आपापल्या जागी. निदान दाखवायला तरी परातीत ठेवायचे होते. माझं चुकलं.
"आये, माझे देव पाण्यात नाय? खंय धाडलंस तिका?"
 त्याने केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. त्याचा बाप असाच आपटायचा. मग टीव्ही फोडला. मग माझ्या मोबाइलमध्ये पत्ता सापडला त्याला, संघमित्राने पाठवलेला. ओट्याखालून कोयता घेतला. "आज तिका ठेवणंय नाय," म्हणाला.
दाराची खालची कडी काढायला वाकला. मी खलातला बत्ता उचलला. मारला. तो उठायला लागला. पुन्हा मारला.

१५ डिसेंबर
पहाटे हॉस्पिटलात लवूने जीव सोडला. पोलिसांना मीच सगळं सांगितलं. पोलीसबाई दारात थांबलीय, रक्ताची साडी बदला, चौकीवर निघायचंय म्हणते. दर्शनाला फोन केला — घरी या दोघी.
माझा लवू गेला.