डाव्या हातानं विणलेलं अंडं

३ फेब्रुवारी, मंगळवार

अंडं तिसऱ्यांदा उसवलं. पिवळा बलक फुगायला हवा तेवढाच फुगत नाही — एकदा पोळीसारखा सपाट बसला, एकदा टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्यासारखा वर आला. ठकी शेजारी बसून हसत होती. हसू दे. ऑक्टोबरात माझी धाकटी बहीण तिला, आपल्या लेकीला, घेऊन माझ्या दारात उभी राहिली तेव्हा या पोरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. धाकटीचं मनगट प्लॅस्टरमध्ये आणि पोर मुकी. दिवाणाच्या कोपऱ्यात बसून राहायची, हाक मारली तरी बघायची नाही. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बोलली ते काय, तर “मावशी, मला अंड्याची पिशवी.”

स्ट्रॉबेरी करते म्हटलं, कलिंगडाची फोड करते म्हटलं. नाही. तव्यावर फोडलेलं, पसरलेलं, मधे पिवळं असलेलं अंडंच पाहिजे! हट्ट अगदी आईवर गेलाय.

करू. तिनं मागितलं हेच खूप.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुरुस्तीचे कपडे पोचवून भेटवस्तूंच्या दुकानात रुमाल द्यायला गेले. अंडं पिशवीत होतं, बसमध्ये काठ पुरा करावा म्हणून घेतलेलं. दुकानवालीनं ते काढलंच बाहेर. “अहो ताई, हे काय? अंडं? आणि तुम्ही मला रुमाल आणून देताय?” हसून हसून बेजार. मग म्हणाली, अंडी करा, टोस्ट करा, लिंबाची चकती करा, काय वाटेल ते करा, मी काचेत लावते.

म्हणजे आता पोटापाण्यासाठी अंडी घालायची. बरं.

घरी आले तर घर लखलखीत. धाकटीनं फरशी पुसलेली, केस धुतलेले, चक्क गुणगुणत होती. किती दिवसांनी! बोललं की दृष्ट लागते असं मला उगाच वाटतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

बलक जमला. गोलात वाढवत न्यायचं, मग एकदम वाढवणं थांबवायचं — तिथंच तो वर उचलतो. आत थोडा कापूस. पांढरा काठ मात्र मुद्दाम बिघडवायचा. मधेच आखूड मुक्या खांबाचे टाके, मधेच उंच खांबाचे, म्हणजे खरोखर तव्यावर पसरल्यासारखा दिसतो. नीटनेटकं अंडं खोटं वाटतं.

माझे टाके उलट्या अंगाला कलतात. डावरी आहे ना. आम्हाला शिकवायला कुणी तयार होत नाही, शेजारी बसून शिकवलं की सगळं उफराटं होतं. मला शिकवलं ते काकूंनी, धाकटीच्या सासूनं. ठकीच्या वेळी धाकटीला अंथरुणावरून उठायची मनाई होती, तेव्हा मी तिच्या घरी राहिले होते. काकूंनी मला शेजारी बसवलंच नाही. समोर बसवलं. “माझ्याकडे बघ. आरशात बघतेस असं समज.” दोन दुपारांत क्रोशाची सुई हातात बसली. चांगली बाई. त्या घरातली तेवढी एकच गोष्ट चांगली होती.

त्या घरातल्या कुणाला हा पत्ता ठाऊक नाही. धाकटी येण्याआधीच मी गाव बदललं होतं, ते बरंच झालं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानवालीचा फोन — सकाळी दिलेली अंडी संपली! टोस्टही. एकाच गिऱ्हाइकानं उचलली म्हणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज तिघी घरातच. बाहेर वारं. ठकीनं स्वतःच्या अंड्यात खोडरबर, एक बटण आणि अर्धं बिस्किट भरलं आणि घरभर मिरवली. धाकटी म्हणाली, “ताई, माझ्यासाठी पण कर ना काहीतरी.” काय करू विचारलं तर म्हणाली, चेरी, जोडीची. दोन चेरी एका देठाला. या वयात!

करीन म्हटलं. तिचं मनगट अजून गार पाण्यात दुखतं, भांडी मीच घासते. तिच्या त्या नवऱ्याला मी जन्मात विसरणार नाही. मनगट मोडेपर्यंत दारावर तिचा हात कसा दाबून धरला होता ते धाकटीनं एकदाच सांगितलं, आणि ठकी तिथंच उभी होती हे त्याहून हळू सांगितलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आधी दाराला आतून कडी लावली, मग लिहायला बसले.

दुकानात नवी अंडी आणि कलिंगडं घेऊन गेले. दुकानवाली खुशीत — “तुमचं गिऱ्हाईक परत आलं होतं. तीच बाई. लिंबाच्या चकत्या उरल्या होत्या, त्या सगळ्या घेऊन गेली.” कोण बाई? म्हातारीशी आहे, काळा चष्मा लावते, किंमत विचारत नाही. पिशवी उलटी करते, उजेडाला नेते, आतले टाके बोटानं चाचपते. आणि मग दुकानवाली सहज म्हणाली, “विचारत होत्या, हे डाव्या हातानं विणलंय ना?”

बाहेरून बघून ते कळत नाही. आतून बघूनही सगळ्यांना कळत नाही. ज्यांनी समोर बसवून शिकवलं त्यांनाच कळेल.

काकू इथं? या गावात? आणि काकू आल्या म्हणजे एकट्या आल्या का?

दुकानवालीला विचारलं, माझं नाव सांगितलंत? म्हणाली, “छे, गिऱ्हाइकाला कारागीर दाखवला की गिऱ्हाईक थेट त्याच्याकडेच जातं.” तिच्या आपमतलबीपणाचे आज पाय धरावेसे वाटले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीला सांगितलं. तिची पाचावर धारण बसेल, तिला कसं सावरायचं, हेच घोकत होते. तर ती म्हणते, “ताई, उगाच बाऊ करतेस. जगात तू एकटीच डावरी आहेस का?”

माझं डोकंच फिरलं. मनगट तिचं मोडलं आणि बाऊ मी करते! मी ओरडले. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. कदाचित माणसाला एवढी भीती वाटून गेली की मग वाटेनाशी होत असेल. मला नाही समजत.

घरात नियम केले — रस्त्याकडचा पडदा उघडायचा नाही. बेल वाजली तर आधी भोकातून बघायचं. ठकीनं अंड्याची पिशवी शाळेत न्यायची नाही, जिन्यातसुद्धा न्यायची नाही. काचेत तशीच दुसरी लागलेली असताना ही पिशवी म्हणजे पाठीवर पत्ता लावून फिरण्यासारखं.

ठकी रडली. मी पिशवी कपाटावर ठेवली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

येत्या गुरुवारी दुकानात जात नाही, असं ठरवलं. धाकटीनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “हातचं काम कशाला घालवतेस? तू जा. मी आहे की घरात. दाराला कडी लावीन.” बरोबरच आहे तिचं. तिन्ही पोटं माझ्या सुईवर चाललीत. आणि न जाऊन तरी काय, ती बाई कोण ते कळायला नको?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड मोडक्या स्टुलावर बसून होते. दर वेळी दार किणकिणलं की जीव वरखाली. बाई आली नाही. समोर एक करड्या रंगाची गाडी बराच वेळ उभी होती, आत कुणीतरी बसलेलं. मान खाली, चेहरा दिसेना. मग गेली.

मला एकदम घराची आठवण झाली. बस थांबेपर्यंतही धीर निघेना. जिना धापा टाकत चढले. बेल वाजवली, धाकटी उघडेना. परत वाजवली. आत पाण्याचा आवाज आला, मग पावलं, मग ती. केस ओले. “अंघोळ करत होते गं, एवढी काय घाई?” रागावले तिच्यावर, आणि रडलेही.

ठकी टेबलाखाली बसली होती. मी वाकून बोलावलं. आली नाही. बोललीही नाही. ऑक्टोबरातल्यासारखीच नजर.

२ मार्च, सोमवार

ठकीनं अंथरूण ओलं केलं. सलग दुसरा दिवस. धाकटी म्हणते, तू पिशवी काढून घेतलीस ना, त्याचं आहे हे. असेल. मी घरभर पोलीस होऊन फिरतेय, पोर भेदरणारच. पण पिशवी द्यायची माझी छाती होत नाही.

चेरीच्या जोडीचा देठ विणला. हिरव्या दोऱ्यात घट्ट साखळी. माझे टाके एवढे घट्ट पडलेत की सुई आत शिरत नव्हती.

५ मार्च, गुरुवार

भेटल्या. काकूच.

मी खोक्यांच्या आडून बघितलं. काळा चष्मा, हातात कलिंगडाची फोड, आणि बोटं आतल्या टाक्यांवर. किती वाळल्यात! एकट्या होत्या. मी रस्त्यावर बघितलं, गाडी नव्हती. मग न राहवून बाहेर आले.

काकूंनी वर बघितलंही नाही. “काठाला एवढा ताण देऊ नये,” म्हणाल्या. “तेव्हाही सांगितलं होतं.” आणि मग माझा डावा हात धरला आणि सोडेचनात.

दुकानवालीनं मागच्या खोलीत बसू दिलं. काकू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथं लेकीकडे आल्यात, महिना झाला. औषधं आणायला निघाल्या आणि काचेत अंडं दिसलं. मी विचारलं, मग सगळी का घेत सुटलात? तर म्हणाल्या, “मला न्यायला तोच येणार. या रस्त्यानं येणार. ठकीची पहिली टोपी तूच विणली होतीस — माझ्याइतकं नाही, पण तुझा हात त्यालाही ओळखू येतो. काचेत दिसलं तर तो दुकानात शिरेल, आणि दुकानात शिरला की तुझ्या दारापर्यंत येईल. म्हणून घेत गेले. लेकीच्या पलंगाखाली पेटी भरलीय.”

मी काय समजत होते आणि काय निघालं! लाज वाटली आणि हसूही आलं. पलंगाखाली पेटीभर अंडी!

पत्ता विचारला नाही त्यांनी. मीच सांगायला तोंड उघडलं तर तोंडावर हात ठेवला. “मला माहीत नसलेलंच बरं. तो माझ्याकडून काढून घेईल.” मग विचारलं, “पोर बोलते का?” बोलते म्हटलं. सध्या पुन्हा गप्प आहे ते नाही सांगितलं. काकू चष्म्याखालून डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलंय म्हणे.

उठताना म्हणाल्या, “सांभाळून राहा. मी निघाले तेव्हा तो आठवड्यातनं एकदा गाडी घेऊन कुठंतरी जायला लागला होता. दिवसभर पत्ता नाही. विचारलं तर सांगत नाही. तुम्हाला शोधत असेल. आणि परत येतो तो खुशीत येतो गं. मला त्याची खुशीच बघवत नाही.”

६ मार्च, शुक्रवार

जीव भांड्यात पडला म्हणायचं की नाही? तो शोधतोय, म्हणजे सापडलेलो नाही. काकू आपल्या बाजूच्या आहेत. काचेतून सगळं काढायला सांगून आले, दुकानवाली नाक मुरडत का होईना, कबूल झाली. आता फक्त रुमाल आणि टेबलावर घालायचे गोल. कंटाळवाणं, पण ओळखू न येणारं.

धाकटीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं आत्ता कुठं तिला भीती कळली. पाणी प्यायली आणि एवढंच विचारलं, “सासूबाई त्याच्याबद्दल अजून काय म्हणाल्या?” मी म्हटलं, खुशीत असतो म्हणाल्या. ती उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच उभी राहिली. मी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. बिचारी.

८ मार्च, रविवार

चेरी पुऱ्या झाल्या. धाकटीला दिल्या. तिनं हातात घेतल्या आणि रडायलाच लागली. “ताई, तू माझ्यासाठी एवढं का करतेस?” काय हा प्रश्न. कुणासाठी करू मग?

११ मार्च, बुधवार

आज कपाटावरचं अंडं काढून ठकीला दिलं. काचेत आता काही नाही, उद्यापासून गळ्यात घालून शाळेत जा म्हटलं. पिशवी छातीशी धरून उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी बोलली.

“बाबा येतील तेव्हापण घालू?”

मी हसले. म्हटलं, इथं कुठले बाबा येणार?

“गुरुवारी येतात ते. तू पिशव्या द्यायला जातेस ना, तेव्हा. आई म्हणाली, मावशीला सांगायचं नाही.”

आत धाकटी भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.