सोनवणे सगळे एका रक्ताचे

जळगाव,
शुक्रवार

आदरणीय नवलभाऊंना ज्ञानेश्वर सोनवणे याचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि वहिनींना वेगळा नमस्कार (एकत्र केलेला त्यांना चालत नाही, हे मी मागच्या दिवाळीत शिकलो).

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. सुनंदाचे गुडघे तेवढे नाहीत, पण तुमची बहीण असल्यामुळे ती ते कबूल करत नाही. चोपड्याकडे तुमची तब्येत, केळीची बाग आणि माझ्यावरचा राग कसा आहे ते कळवावं. पहिल्या दोहोंची काळजी वाटते, तिसऱ्याची भीती. तुम्ही फोन उचलत नाही, उचललात तर माझा आवाज ऐकताच ठेवून देता, म्हणून पत्र लिहितो. पत्र मधेच कट करता येत नाही (फाडता येतं, पण त्याआधी तुम्ही वाचाल, एवढा तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे). तुमच्या भाचीच्या, पुनमच्या लग्नाबद्दल तुम्हाला जे कळलं ते आमच्या छगनआबांकडून कळलं. ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगतो.

छगनआबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. गेल्या वर्षी बाजार समितीच्या निवडणुकीत पडले, आणि घरी बसून विचार करू लागले. अशी वेळ त्यांच्यावर पूर्वी आली नव्हती. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं की खानदेशात भरल्या एसटीत कोणी ‘ओ सोनवणे’ अशी हाक मारली तर निम्मी गाडी मागे वळून बघते. एवढे सोनवणे असताना आपण पडतो कसे? लगेच ‘अखिल सोनवणे कुलपरिषद’ निघाली. अध्यक्ष आबा, उपाध्यक्ष आबांचा मुलगा, महिला आघाडी म्हणजे आबांच्या सौभाग्यवती. राहिला होता फक्त इतिहास.

तो व्हॉट्सअॅपवर तयार झाला. एकाने लिहिलं, सोनवणे म्हणजे सुवर्णवन, आपले पूर्वज सोन्याच्या जंगलाचे राजे होते. दुसऱ्याने जंगल काढून खाण घातली. चाळीसगावचे झुलालनाना बिचारे म्हणाले, सोनवणे नावाच्या एखाद्या गावावरून पडलं असेल, त्यात काय. आबांनी त्यांना ग्रुपमधून काढलं. ‘गाववरथीन नाव कोनंबी पडस,’ आबा म्हणाले, ‘आपले राजा पाहिजे.’ मग राजा ठरला. त्याचं नाव ठरायचं बाकी होतं, पण तलवार ठरली होती. माझं फ्लेक्सचं दुकान असल्यामुळे राजाचा चेहरा शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. झुपकेदार मिशांचा एक भारदस्त माणूस मला इंटरनेटवर सापडला (तो मिरची पावडरच्या जाहिरातीतला आहे हे नंतर कळलं, पण तोवर आबांनी त्याला हार घातला होता). खाली आबांनी सांगितलेला मजकूर, लाल अक्षरांत: ‘सोनवणे सगळे एका रक्ताचे! आडनाव हीच ओळख!’

मेळावा धुळ्याला एका मंगल कार्यालयात होता. नावनोंदणीच्या टेबलावर आमची पुनम बसली होती. सगळे उशिराने येत असताना एक कुटुंब मात्र वेळेवर आलं: बुद्धभूषण सोनवणे, सरकारी इंजिनियर, त्यांची म्हातारी आई भागाबाई, आणि मुलगा तेजस. पुनमने त्यांना बिल्ले लावले आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. आबा हात जोडून स्वागताला गेले. समोरून आलं, ‘जय भीम.’ आबांचे हात जोडलेलेच राहिले. आता ते सोडावेत की तसेच ठेवावेत, हे त्यांना सुचेना. शेवटी मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, ‘न्यानेश्वर, यास्ले मांगे बसाड.’ मी म्हटलं, आबा, बाहेर फ्लेक्स लावलाय. तर म्हणाले, ‘फ्लेक्स आपला लोकेसकरता शे!’ मी कोणालाही मागे बसवलं नाही (धाडस म्हणून नव्हे, मागे खुर्च्याच नव्हत्या).

मग पाहुणे बोलायला उभे राहिले. मराठीचे निवृत्त प्राध्यापक. आबांना वाटलं होतं ते राजाचं नाव सांगतील. ते म्हणाले, या आडनावाचं मूळ खात्रीने कोणी सांगू शकत नाही. पण सोनवणी असा एक जुना शब्द आहे, म्हणजे सोनं बुडवलेलं पाणी. वाळीत टाकलेल्या माणसाला परत घेताना ते शिंपडायचे. तेव्हा कदाचित आपले पूर्वज तुटलेल्या माणसांना जोडून घेणारे असतील. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. झालं! राजाला पुरावा नव्हता ते सगळ्यांना चाललं, पाण्याला पुरावा नाही म्हटल्याबरोबर सभागृह खवळलं. माईक बंद पडला (तो आबांच्या मुलाच्या हातात होता). आबांनी स्वतः सूत्रं घेतली आणि पहिल्या रांगेवरून नजर चुकवत म्हणाले, नुसतं आडनाव सारखं असलं म्हणून माणसं एक होत नाहीत, आडनाव काय, कोणीही लावतं.

त्यावर भागाबाई उठल्या. आवाज अगदी साधा. ‘मंग दादा, बाहेर काय लिखेल शे? मन्हा नातूनी वाची दखाडं म्हनीसन आम्ही उनूत.’

मागे उभ्या असलेल्यांतून हसू फुटलं आणि जेवण लवकर वाढण्यात आलं.

नातवाने वाचून दाखवलं हे खरं, पण त्याला फ्लेक्सचा फोटो पाठवला होता आमच्या पुनमने. इंजिनियरिंगला दोघं एकाच वर्गात. हजेरीत सोनवणे पुनमनंतर सोनवणे तेजस. परीक्षेला पुढे-मागे, प्रॅक्टिकलला एका टेबलावर. आबांना जे जमलं नाही ते कॉलेजच्या हजेरीपटाने केलं. आठवडाभराने पुनमने घरात सांगितलं, लग्न करीन तर तेजसशी. खोटं कशाला लिहू, दोन दिवस मलाही घास गेला नाही. लोक काय म्हणतील, याच्या पलीकडे माझं डोकं चालेना. सुनंदाने मात्र एकच विचारलं, ‘मुलगा कसा आहे?’ हे विचारायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. मग मी धुळ्याला जाऊन त्याला भेटलो. मुलगा चांगला आहे, भाऊ. माझ्यापेक्षा कमी बोलतो.

आणि मग आबा परिषदेचे चार पदाधिकारी घेऊन घरी आले. काय म्हणाले असतील? म्हणाले, हे लग्न होऊच शकत नाही. एक आडनाव, एक कूळ, एक रक्त! ही भावंडं आहेत! पुनमने चहा ठेवला आणि म्हणाली, ‘आबा, एक काहीतरी ठरवा. रक्त एकच असेल तर ते आपल्या घरचे, मग त्यांना मागे का बसवत होतात? आणि वेगळं असेल तर लग्नाला अडचण काय?’

‘ते येगळं, हाई येगळं,’ आबा म्हणाले.

‘काय वेगळं, ते बोला ना.’

बोलायचा शब्द एकच होता, भाऊ. पाचही जणांच्या तोंडात होता, आणि पाचही जण तो चहाबरोबर गिळत होते. शेवटी ‘अभ्यास समिती नेमू’ म्हणून उठले. त्याच संध्याकाळी आबांनी तुम्हाला फोन केला की ज्ञानेश्वर पोरीला भावकीत देतो आहे, तुम्ही पाऊल ठेवू नका. भावकी कुठली ते त्यांनी सांगितलं नसेल.

लिहिण्यासारखं आणखी पुष्कळ आहे, पण वाचण्यासारखं एवढंच होतं. वहिनींना पुन्हा वेगळा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
ज्ञानेश्वर

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलंच. लग्न पुढच्या महिन्यात, जळगावला, साधंच. भागाबाई भेटल्या की विचारतात, मुलीचा मामा येणार ना? मी दर वेळी हो म्हणतो. मला खोटं पाडू नका.

ता. क. २. काल आबा दुकानात आले होते. बाजार समितीची पोटनिवडणूक लागली आहे. पत्रिकेचा नमुना हातात घेऊन म्हणाले, निमंत्रकांत मन्हं नाव? मी विचारलं, कोणत्या बाजूला टाकू? म्हणाले, कोठेबी टाक, सोनवणे बठ्ठा एकच शेतस. तेव्हा तुम्हाला येऊ नका सांगणारे स्वतः पहिल्या रांगेत असतील, एवढं लक्षात घ्या.

ता. क. ३. (हे सुनंदाने लिहिलं आहे.) भाऊ, यास्नी लिखेल बठ्ठं बाजूले ठेव. पोरले मामा एकच शे. ये.