ओढ्यातल्या तणाचं कलम आजच वाचावं

मी, खाली सही करणारा, धंद्याने पंप दुरुस्तीवाला, शरीराने थकलेला पण डोकं ठिकाणावर असलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दटावलेलं नाही, कोणी गोड बोलून फूस लावलेली नाही. वकिलाकडे मुद्दाम गेलो नाही. लाजेची गोष्ट परक्याच्या अक्षरात नको वाटली.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीच्या नावे. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना निम्मंनिम्मं. मागची खोली गळते. वाटणीत ती मुलाकडे जावी, कारण डांबर लावायचं त्यालाच सांगून ठेवलं होतं.

२. पाने, चेनपुली आणि मोठा शिकंजा सुनेला. मुलाने तोंड पाडू नये. त्याच्या हातात पाना गेला की नटाचे कोपरे जातात, हे त्यालाही ठाऊक आहे.

३. मेव्हण्याने नेलेली शिडी त्यालाच बक्षीस. मागून मागून माझी जीभ झिजली.

४. हे कलम मात्र मी मेल्यावर नव्हे, आजच वाचायचं.

ओढ्याकाठी परकं तण शिरू नये म्हणून आम्ही काहीजण राखण करतो. मला सगळे तणमामा म्हणतात. नियम मीच घालून दिला: अनोळखी रोप दिसलं तर हात लावायचा नाही, शेजारी काठी रोवून चिंधी बांधायची आणि त्याच दिवशी तणविभागाला कळवायचं. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या, ओढ्याच्याच पाण्यावर भरणाऱ्या तळ्यात असं तण निघालं, तेव्हा मी भरसभेत त्याचं नाव घेऊन सांगितलं. त्याचं तळं उपसावं लागलं. त्या दिवशी मी जरा जास्तच ताठ चाललो.

या पावसाळ्यानंतर तेच तण माझ्या परसात, पंप धुतो त्या, ओढ्याला मिळणाऱ्या पाटाच्या तोंडाशी दिसलं. बहुधा दुरुस्तीला आलेल्या कुठल्यातरी पंपाच्या जाळीत अडकून आलं असावं. कळवलं असतं तर एका दुपारचं काम होतं. पण तणमामाच्या दारात तण, असं लोक म्हणतील म्हणून मी ते गुपचूप उपटलं आणि हात, कुदळ तिथेच पाटात धुतले. त्या तणाच्या कांड्याकांड्याला मुळं फुटतात. हे मी शंभर जणांना शिकवलंय, आणि तुकडे ओढ्यात सोडले मीच.

बायकोने दारातून पाहिलं. म्हणाली, "लोकांच्या दारात खणखणीत बोलता. आता का गिळलीत जीभ?"

मी म्हणालो, "उपटलं ना. संपलं."

संपलं नव्हतं. परवा शेजारी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मामा, तळ्यात परत आलंय. माझ्याकडूनच नीट निघालं नसणार. तुम्ही तेव्हा बजावलं होतंत, मीच कमी पडलो. उद्या-परवा तळं बुजवूनच टाकतो, कटकट नको."

मी "असेल" म्हणालो. एवढाच एक शब्द. त्याने वर माझे आभार मानले.

तळं त्याने स्वतः खणलेलं आहे. तण त्याचं नाही, माझं आहे. आज सकाळी तणविभागाला फोन केला. निरीक्षकबाईंनी विचारलं, "पहिल्यांदा कधी दिसलं?" खरं ते सांगितलं. म्हणाल्या, "मामा, तुम्ही?" त्या म्हणतात, फुलावर यायच्या आत निघालं तर तळं वाचेल, बुजवायला नको. उपसायला, वेचायला जे लागेल ते माझ्या ठेवीतून जावं. बायकोला विचारलं आहे. ती म्हणाली, "त्यात विचारायचं काय?"

५. राखणदारांचं पुढारपण मी आजपासून सोडलं. माझ्या मागे कोणी माझ्याबद्दल चार शब्द बोलणार असेल, तर त्यात तणाचा विषय काढू नये.

शेजाऱ्याला तोंडाने सांगायला दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हणून त्याला साक्षीला बोलावलं आहे. सही करण्याआधी त्याने चौथं कलम वाचावं, ही विनंती.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: आज, रविवार
(सही) पंप दुरुस्तीवाला

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. तपासलं, शुद्धीवर आहेत. (सही)

साक्षीदार दुसरा: खालच्या अंगाचा शेजारी. चौथं कलम वाचलं. दोनदा. माझी सही फक्त मामांनी माझ्यासमोर सही केली एवढ्यापुरती आहे. (सही)